तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रात तेल असताना छपरावर सोलर कशाला?

आपल्याच समुद्रातून मुंबई हायचं तेल निघतं, मग छपरावर या काचा कशाला? आणि लावल्याच तर चार महिन्यांच्या पावसात त्या काय कामाच्या? कोकणात सोलरचा विषय निघाला की हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. तुम्हीही विचारलंत, तर नीटच सांगतो.

मुंबई हायला तेल सापडलं १९७४ साली, उपसा सुरू झाला १९७६ ला. ते आजही येतंय, पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच आणावं लागतं. शिवाय समुद्रात खोदावं की खोदू नये यावर हमरीतुमरीवर येणारे एक गोष्ट विसरतात. त्या तेलावर आपल्या घरातला दिवा लागत नाही. उरणचं वीजकेंद्र चालतं ते गॅसवर. कोयनेचं पाणी आहेच. बाकी राज्याची बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे छपरावरचं पॅनल वाचवतं तो कोळसा. तेल वाचवायचं तर आधी गॅसची चूल आणि गाडी विजेवर यायला हवी. नुसतं पॅनल लावून ‘तेलाला पर्याय दिला’ म्हणणं ही फुशारकी झाली.

चुलीचा हिशोब सोपा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागते. तेवढंच काम इंडक्शन १३०-१४० युनिटांत करतं. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोजची तीन युनिटं झाली. ३ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज १२ युनिटं देतो, त्यात हे आरामात बसतं. घावण्यांचा बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, ॲल्युमिनियमचा टोप चालत नाही. तवा मात्र मंद आचेवर आधी चांगला तापू द्या. नाहीतर मध्ये करपतं आणि कडा कच्च्या राहतात.

मच्छीमार बोटीचं गणित असं जुळत नाही. लिटरभर डिझेलमध्ये १० युनिट ऊर्जा, इंजिन त्यातला तिसरा हिस्सा बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) देतं. दिवसाला १०० लिटर जाळणाऱ्या बोटीला तीनशेच्या वर युनिटं हवीत, म्हणजे वर सांगितलेले पंचवीसेक संच, आणि बॅटरीचं वजन दोन टनांच्या आसपास. एवढं वाहून मासळी कुठे ठेवणार? बोटीवर छोटं पॅनल दिव्यांना, वायरलेसला आणि जीपीएसला ठीक. बंदरावर सोलरचा खरा उपयोग बर्फाच्या कारखान्यात, कारण तिथला मोठा खर्च विजेचाच असतो.

आता पाऊस. ३ किलोवॉटचा संच मार्च-एप्रिलमध्ये रोज १३ ते १५ युनिटं देतो. मे महिन्यात ऊन कडक, पण पॅनल तापलं की वीज घटते: २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. जुलैत निम्म्याच्या आसपास धरा, सलग झड लागली की दोन-तीनच. हा खड्डा नेट मीटरिंगने भरतो. महावितरणला दिलेली जास्तीची युनिटं पुढच्या बिलात वळती होतात, पण वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तेव्हा शिल्लक राहिलेली युनिटं कमी दराने विकत घेतली जातात. म्हणून एप्रिल-मेची साठवण पावसाळ्याला उपयोगी पडते, दिवाळीनंतरची बरीचशी स्वस्तात जाते. गरजेपेक्षा मोठा संच लावण्यात शहाणपण नाही. सूर्यघर योजनेचं अनुदानही ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं.

लाइट गेली की हा साधा संचही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. बरेच जण फसतात ते इथेच. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने धक्का बसू नये म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडची गावं किती दिवस अंधारात होती ते आठवा. तशी सोय हवी असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा, इन्व्हर्टर आणि पाचेक युनिटांची लिथियम बॅटरी घ्यावी लागते. तिच्यावर दिवे, पंखे, फ्रिज एवढंच ठेवा. पंप नको. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

काम बिघडतं ते सहसा पॅनलमुळे नाही, खाऱ्या वाऱ्यामुळे. सांगाडा गरम जस्तात बुडवलेला हवा, थर ८० मायक्रॉनचा. नट-बोल्ट स्टेनलेसचे, त्यातही ३१६ दर्जाचे; ३०४ ला समुद्राकाठी तांबूस डाग पडतात. ठेकेदार जागेवरच ड्रिल मारतो, जस्त निघतं, आणि पहिला गंज त्याच भोकात धरतो. म्हणून भोक पाडलं की लगेच, बोल्ट घालायच्या आधी, जस्ताचा रंग लावून घ्या, समोर उभं राहून. वायरींचे जोड स्लॅबवर लोळू देऊ नका. पाण्यात बुडाले की विजेची गळती होऊन इन्व्हर्टर सकाळी उशिरा चालू होतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. कौलारू छपरावर ५४० वॉटचं एकेक पॅनल २८-३० किलोचं, त्यात वाऱ्याची ओढ. जुने वासे असतील तर गोठ्यावर किंवा खळ्याच्या कडेला वेगळा सांगाडा बरा. माडाखाली मात्र कधीच नको. एका झावळीची सावली अख्ख्या ओळीची वीज खाली आणते, नारळ पडला तर बघायलाच नको. आंब्याच्या कलमांच्या जवळ असाल तर मोहोरात तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो, त्यावर लाल धूळ. तो नुसत्या पाण्याने जात नाही. सकाळी काच थंड असताना मऊ फडक्याने पुसा. खाऱ्या बोअरचं पाणी नको.

अर्थिंगचे खड्डे तीन: पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा, डीसीचा (पॅनलच्या बाजूचा), एसीचा (घराच्या बाजूचा). जांभ्याच्या जमिनीत विजेला रोध मुळातच जास्त. ओल असताना मोजलं की कागदावर झकास आकडा येतो, मे महिन्यात जांभा कोरडा पडला की तोच आकडा कितीतरी वाढतो. तीन मीटरची भोकं पाडून तांब्याचा मुलामा असलेले रॉड आणि ओल धरणारी पावडर घालायला सांगा. माप घ्यायचं ते मे महिन्यात, वळवाच्या विजा सुरू होण्याआधी. पाच ओहमच्या आत आलं नाही तर दुसरा रॉड जोडून घ्या, शेवटचा हप्ता त्यानंतर.