१९६४च्या स्ट्रॅटोकॅस्टरची पडताळणी : माझा अनुभव

फेंडर कंपनीची जुनी स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर ती १९६५च्या जानेवारीपूर्वीची असावी, असा संग्राहकांचा आग्रह असतो, कारण त्या महिन्यात लिओ फेंडर यांची कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली. मला हा निकष थोडा भाबडा वाटतो, ६५ सालच्या कित्येक गिटारी उत्तम वाजतात; पण किमती त्यावरच ठरतात. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि या गिटारी जिथे बनल्या ते फुलर्टन गाव माझ्यापासून फार दूर नाही. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी ‘१९६४ची, मूळ सनबर्स्ट (कडांना गडद, मध्ये उजळ) रंगाची’ म्हणून विकायला काढलेली गिटार तपासण्यासाठी मी ओळखीच्या एका अनुभवी कारागिराला सोबत नेले.

मानेमागच्या चार स्क्रूंच्या पट्टीवर ‘एल’ने सुरू होणारा क्रमांक होता. त्यावर विसंबता येत नव्हते, कारण या पट्ट्या क्रमाने वापरल्या जात नसत, शिवाय एका गिटारीची पट्टी दुसरीवर सहज बसते. मालकांच्या परवानगीने तारा सैल करून मान उतरवल्यावर तिच्या टोकावर मार्च ६४चा शिक्का दिसला. पिकगार्ड, म्हणजे अंगावरची संरक्षक पट्टी, उचलल्यावर पॉटवर (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) ३०४ ६३४७ हा आकडा वाचता आला : ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही उत्पादक कंपनी, पुढे ६३ हे वर्ष आणि ४७ हा आठवडा. पॉट मानेच्या शिक्क्याच्या काही महिने आधीचा असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि वायरींची झाळही (सोल्डर) कोणी छेडलेली दिसत नव्हती. काळाने हिरवट झालेले सेल्युलॉइडचे पिकगार्डही त्या काळाला साजेसेच होते.

घोडे पेंड खाल्ले ते रंगापाशी. त्या काळी रंग फवारताना आणि वाळवताना लाकडी अंग टेकवण्यासाठी त्यात बारीक खिळे ठोकत आणि नंतर ते उपटत, त्यामुळे मूळ रंगाच्या गिटारीत पिकगार्डखालच्या त्या छिद्रांत कोरे लाकूड दिसायला हवे. इथे ती छिद्रे रंगाने भरलेली होती. शिवाय मान बसवण्याच्या खाचेत रंगाईच्या काठीचा, म्हणजे रंगवताना अंग धरण्यासाठी तिथे बसवलेल्या काठीचा, कोरा ठसाही नव्हता, जो १९६४च्या गिटारीत सहसा सापडतो. अंग नंतर कधीतरी पुन्हा रंगवले गेले होते, आणि ते मालकांनाही ठाऊक नसावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

अशा गिटारीची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. मालकांनी ते मान्य केल्यावर मी ती घेतली, कारण मला ती तिजोरीत ठेवायची नव्हती. मान, पिकअप (तारांचे कंपन टिपणारे चुंबकी भाग) आणि पॉट मूळचे होते, आणि मधल्या पिकअपचा स्वच्छ, किंचित पोकळ आवाज ऐकल्यावर रंगाचे दुःख उरले नाही. अडचण एकच राहिली : फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटे दाबायची पट्टी) ब्राझिलियन रोझवुडचा असल्याने आणि ते लाकूड १९९२पासून सायटिस या दुर्मिळ वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने ती पुण्याला न्यायची तर आधी प्रमाणपत्र काढावे लागेल.