शंभर टक्क्यांना गप्प बसणारी स्क्रिप्ट

आमच्याकडे डिस्कवर लक्ष ठेवणारी एक स्क्रिप्ट होती. मी या कामावर रुजू व्हायच्या कितीतरी आधीची. कोणी लिहिली असं विचारलं की लोक नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी नाव घ्यायचे, दर वेळी वेगळं. क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, ती दर तासाला चालवायचा, एखादं पार्टिशन नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की मेल यायची आणि आमच्यापैकी कोणीतरी जाऊन जुने लॉग उडवायचं. ९२ टक्क्यांची मेल मी पाहिली होती, ९७ चीही पाहिली होती. तिच्यावर शंका घ्यावी असं काही कधी घडलंच नव्हतं.

मग एका रात्री पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या वॅल फाइल्स, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवणाऱ्या फाइल्स, ज्या पार्टिशनवर असतात ते गच्च भरलं. एक रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरीकडे चालणारी प्रत, बंद पडली होती, पण तिच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला होता. स्लॉट आहे तोवर त्या रेप्लिकेने न उचललेल्या वॅल फाइल्स पोस्टग्रेस टाकून देत नाही, साठवत राहतो. त्यात रात्रीचं मोठं डेटा लोडिंग सुरू झालं. तासाभराच्या आत पार्टिशन पंचाहत्तरच्या आसपासवरून थेट शंभरला टेकलं, लिहायला जागा मिळेना म्हणून पोस्टग्रेस बंद पडला, आणि पहाटे आम्हाला उठवलं ते ॲप्लिकेशनवाल्यांच्या फोनने. स्क्रिप्टची मेल नव्हती. त्या तासाची नाही, पुढच्या तासाची नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

पहाटेचं काम नेहमीचंच. वॅल फाइल्स हाताने उडवायच्या नाहीत, हे आमचे डेटाबेसवाले सर झोपेतसुद्धा सांगतील, आणि फोनवर त्यांनी पहिलं वाक्य तेच उच्चारलं. डिस्कच्या जागेची वाटणी करणाऱ्या एलव्हीएममध्ये जागा शिल्लक होती. व्हॉल्यूम वाढवला, फाइल सिस्टिम वाढवली, डेटाबेस सुरू केला, त्याची रिकव्हरी होऊ दिली, निरुपयोगी स्लॉट काढून टाकला. एका स्लॉटने किती वॅल अडवून धरायचं याला पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून मर्यादा घालता येते. मूळ सेटिंगमध्ये ती नसते आणि आमच्याकडेही नव्हती. तीही घातली. सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा तेवढ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

मला मात्र ती न आलेली मेल छळत होती.

पहिला संशय क्रॉनवर. सिस्टिमच्या लॉगमध्ये पाहिलं तर दर तासाची नोंद जागच्या जागी, स्क्रिप्ट चाललेली. दुसरा संशय मेलवर. मेलची रांग रिकामी, त्याच सर्व्हरवरून चाचणी म्हणून पाठवलेली मेल लगेच पोचली. तिसरा संशय अर्थातच स्क्रिप्टवर, पण एव्हाना पार्टिशन मोठं झालेलं असल्याने तिला शंभर टक्के दाखवायचे कुठून? आमच्या टीममधला नवा मुलगा म्हणाला, "एखादं पार्टिशन मुद्दाम भरूया का?" मी म्हटलं, "थांब, एवढ्यात नको."

पहाटे चॅटवर कोणीतरी डीएफ या कमांडचा, म्हणजे कुठलं पार्टिशन किती भरलंय ते दाखवणारीचा, आउटपुट जसाच्या तसा चिकटवला होता. तो उचलून एका फाइलमध्ये ठेवला. स्क्रिप्टचा गाभा म्हणजे एकच ओळ होती. डीएफ त्याच्या मोठ्या पी पर्यायासह चालवायचा आणि आउटपुट पाइपने ऑककडे, म्हणजे मजकूर रकान्यारकान्याने तपासणाऱ्या प्रोग्रामकडे, द्यायचा. ऑकला सांगितलेलं होतं: शीर्षकाची ओळ सोड, पाचवा रकाना ९० पेक्षा मोठा असेल तर सहावा आणि पाचवा रकाना छाप. तो मोठा पी पाहून मला लिहिणाऱ्याबद्दल आदरच वाटला. जुन्या डीएफमध्ये डिव्हाइसचं नाव लांबलचक असलं, एलव्हीएमची असतात तसं, की एकच नोंद दोन ओळींत मोडते आणि रकाने सरकतात. मोठ्या पीने प्रत्येक नोंद एकाच ओळीत राहते. म्हणजे लिहिणारा नवखा नव्हता.

डीएफच्या जागी माझी फाइल दिली. आउटपुट काहीच नाही. डोळ्यांसमोर फाइलमध्ये १०० टक्के लिहिलेले आणि ऑक गप्प. एडिटरमध्ये १०० चे ९९ केले. लगेच पार्टिशनचं नाव छापलं. पुन्हा १०० केले. पुन्हा गप्प.

नव्या मुलाने खुर्ची जवळ ओढली. मी लूप लावून शून्यापासून शंभरपर्यंतच्या टक्क्यांच्या खोट्या ओळी तयार केल्या आणि सगळ्या एकदम ऑकमधून काढल्या. ८९ पर्यंत शांतता, मग ९० पासून ९९ पर्यंत एकेक ओळ, आणि १०० गायब. आम्हा दोघांचंही लक्ष त्या शेवटच्या गायब ओळीवर खिळलं होतं, पण खरा धागा वरच्या टोकाला होता. अट 'नव्वदपेक्षा मोठा' अशी होती. मग बरोबर ९० असलेली ओळ का छापली गेली?

कारण पाचव्या रकान्यात '९०' नव्हतंच. तिथे होतं '९०%'. ऑकमध्ये व्हेरिएबलला प्रकार सांगावा लागत नाही. रकान्यातला मजकूर आकड्यासारखा दिसला तर तो आकडा म्हणून तुलना करतो, नाहीतर मजकूर म्हणून. टक्क्याचं चिन्ह चिकटलेला आकडा त्याच्या लेखी आकडा नाही. मग तो समोरच्या ९० चाही मजकूर करतो आणि शब्दकोशात शब्द लावावेत तशी अक्षराला अक्षर भिडवतो. '९०' आणि '९०%' यांत दुसरा लांब, म्हणून तो नंतरचा, म्हणजे मोठा. '१००%' चं पहिलं अक्षर १, नव्वदचं ९. निकाल तिथेच लागला: शंभर लहान.

यातला योगायोग मला अजूनही थक्क करतो. नव्वदच्या आतल्या आकड्यांपैकी नऊने सुरू होणारा आकडा एकच, खुद्द ९. तिथे तरी चुकीचा इशारा यायला हवा होता की नाही? पण '९%' आणि '९०' यांची तुलना दुसऱ्या अक्षरावर जाते, आणि आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात टक्क्याच्या चिन्हाचा क्रमांक ३७, तर शून्याचा ४८. चिन्ह आधी, म्हणून '९%' लहान, म्हणून शांतता. थोडक्यात, मुळातूनच चुकीची असलेली तुलना शून्यापासून नव्याण्णवपर्यंत, एक ९० सोडून, बिनचूक उत्तरं देत होती. लिहिणाऱ्याने मर्यादा ८० ठेवली असती तर '९%' हे '८०' पेक्षा मोठं ठरलं असतं, जवळपास रिकाम्या डिस्कसाठी कधीतरी हास्यास्पद मेल आली असती आणि घोळ केव्हाच उघड झाला असता. ९० या आकड्याने तो झाकून ठेवला. एरवी आम्ही ९१-९२ लाच धावत जाऊन सफाई करायचो, त्यामुळे शंभरची वेळ स्क्रिप्टवर कधी आलीच नाही. शिवाय डीएफ टक्के वरच्या पूर्णांकाला नेऊन दाखवतो. म्हणजे पार्टिशन ९९ च्या जरासं पुढे गेलं की रकान्यात १०० दिसतात, आणि आमची स्क्रिप्ट तिथूनच मुकी.

दुरुस्ती म्हणाल तर दोन अक्षरांची: पाचव्या रकान्यात शून्य मिळवायचा. बेरीज करायला लागलं की ऑक मजकुराच्या सुरुवातीचे अंक उचलतो, चिन्ह सोडून देतो आणि पुढची तुलना आकड्यांची होते. लूप पुन्हा चालवला. ९१ ते १०० आल्या, ९० गेली.

नव्या मुलाचं समाधान होईना. "शून्य मिळवणं ही चलाखी झाली. पुढचा माणूस निरर्थक समजून काढून टाकेल. सरळ शेलच्या भाषेत, बॅशमध्ये, नीट लिहूया." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्याने टक्क्याचं चिन्ह काढून आकडा व्हेरिएबलमध्ये घेतला आणि दुहेरी चौकटी कंसात 'मोठा आहे' हे चिन्ह टाकून ९० शी तुलना केली. लूप चालवला. १०० पुन्हा गायब! बॅशच्या दुहेरी कंसातलं ते चिन्हही मजकुराचीच तुलना करतं; आकड्यांसाठी तिथे 'जीटी' हा पर्याय वापरावा लागतो. तो हसायला लागला, मीही.

जीटी घातल्यावर मी त्याला एक प्रयोग करायला सांगितला: चिन्ह न काढता आकडा दे. बॅशने चूक दाखवली, पण स्क्रिप्ट थांबली नाही. तुलना फसली तर तिचा निकाल शून्याव्यतिरिक्त येतो, आणि इफच्या दृष्टीने शून्याव्यतिरिक्त काहीही म्हणजे 'नाही'. म्हणजे 'डिस्क भरलेली नाही' आणि 'मला तुलनाच करता आली नाही' या दोन्हींचा रस्ता एकच, 'सगळं ठीक' कडे जाणारा. ती चूक क्रॉनने निदान मेलने कळवली असती, पण आमच्या क्रॉनटॅबमध्ये बहुतेक ओळींच्या शेवटी एरर आउटपुट नलकडे, म्हणजे थेट कचऱ्यात, वळवलेला. असं कोण करतं? सगळेच करतात, कारण मेलबॉक्स शांत राहतो.

अखेर मी ऑकच ठेवला आणि शून्य का मिळवलाय हे सांगणारी एक ओळ त्याच्या वर लिहून ठेवली. मात्र आता स्क्रिप्ट किती ओळी तपासल्या तेही मोजते, आणि तो आकडा शून्य आला तर स्वतःच ओरडते. डीएफला फक्त स्थानिक फाइल सिस्टिम बघायचा पर्याय दिला, कारण नेटवर्कवरचा एखादा माउंट अडकला की डीएफही त्याच्यासोबत अडकून बसतो. वर टाइमआउटही लावला. वेळ संपली तर तो १२४ हा निकाल परत करतो आणि त्याचीही वेगळी मेल जाते.

तेवढ्यावर थांबायचं होतं, पण नव्या मुलाने दुपारभर बाकीच्या स्क्रिप्ट चाळल्या आणि मला रूटच्या होम डिरेक्टरीत बोलावलं. तिथे ८ नावाची एक रिकामी फाइल होती. इतकी वर्षं सगळ्यांनी पाहिलेली, कोणी न विचारलेली. सर्व्हरवरचा लोड, म्हणजे एका वेळी रांगेत असलेल्या कामांचा आकडा, आठच्या वर गेला की मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टची ती करामत. त्यात एकेरी चौकटी कंसात 'मोठा आहे' हे चिन्ह वापरलेलं होतं, आणि एकेरी कंसात शेल त्या चिन्हाचा अर्थ घेतं 'आउटपुट या नावाच्या फाइलमध्ये टाक'. तुलना होतच नव्हती. कंसात उरायचा फक्त लोडचा आकडा, आणि तो रिकामा नाही एवढ्यावर अट खरी ठरायची. क्रॉन स्क्रिप्ट होम डिरेक्टरीतून चालवतो, म्हणून ८ नावाची फाइल तिथे. ही स्क्रिप्ट दर वेळी मेल पाठवत होती. लोड पाव असला तरी.

आणि कोणी तक्रार का केली नव्हती? मेलबॉक्समध्ये प्रत्येकाने नियम लावून ठेवला होता, ती मेल थेट एका बाजूच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. माझ्याही मेलबॉक्समध्ये तो नियम होता. रुजू झाले तेव्हा कोणीतरी 'हा लावून घे' म्हणून पाठवला होता.

ती स्क्रिप्ट आम्ही जवळपास नव्याने लिहिली. जुनी अपटाइम या कमांडच्या आउटपुटमधला ठरावीक क्रमांकाचा रकाना कापून घ्यायची, आणि सर्व्हर सुरू होऊन काही मिनिटं झाली, काही तास झाले की काही दिवस, त्याप्रमाणे त्या ओळीतले शब्दच कमी-जास्त होतात. प्रॉक डिरेक्टरीतल्या लोडॲव्हजी फाइलमध्ये तेच आकडे नेहमी त्याच जागी मिळतात. लोड दशांशात असतो आणि बॅशला दशांश कळत नाहीत, म्हणून तुलना पुन्हा ऑककडेच, या वेळी शून्य मिळवून. मर्यादाही आठ अशी ठोकून न देता प्रोसेसरच्या संख्येवरून काढली. ८ नावाची फाइल उडवली, ती परत आली नाही.

मग सगळ्यांना कळवलं की लोडची मेल आता खरी आहे, नियम काढून टाका. काही दिवसांनी दुपारी तशी मेल आली. सर्व्हर खरोखरच हाशहुश करत होता, कुठलीतरी क्वेरी इंडेक्स सोडून सगळं टेबल वाचत सुटली होती. मी डेटाबेसवाल्या सरांना फोन केला.

"मेल? कुठली मेल? मला काही आलेली नाही."

"सर, तो बाजूचा फोल्डर उघडा."

पलीकडे थोडा वेळ माउस क्लिक झाल्याचे आवाज आले. "अगं, इथे तर चाळीस हजार मेल आहेत. यातली कुठली?"

"सगळ्यात वरची," मी म्हटलं. "आणि सर, आधी ती क्वेरी बंद करा, नियम नंतर काढा."