आधी रडून ठेवता येत नाही

घरातलं आजारपण लांबलं, निवृत्ती तोंडावर आली किंवा घटस्फोट ठरला, की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: मनाची तयारी आधीच करून ठेवली, तर नंतर कमी लागेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. नाही, लागायचं तेवढं लागतंच. आधी महिनाभर रडून घेतलं म्हणून नंतरच्या रडण्यातून तेवढं वजा होत नाही. पण माणूस गेल्यावर दुःखाच्या जोडीला कामांचा ढीगही अंगावर येतो, आणि तो मात्र आधी उपसून ठेवता येतो. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी बिलं, स्वयंपाक, नवी जबाबदारी यांत गुंततो. ही ये-जा निरोगी आहे. सकाळी हुंदके आणि दुपारी बँकेत रांग, यात ढोंग काहीच नाही.

म्हणून तयारी दुसऱ्या टोकाची करायची. घरातली कोणती कामं एकाच माणसाला येतात, ते आधी पाहा. आठवडाभर कामांची अदलाबदल करा: पैसे भरणारा स्वयंपाक करेल, स्वयंपाक करणारा विम्याचा हप्ता भरेल. शेजारी बसून शिकवू नका. दुसऱ्याला अडखळू द्या, कारण कुठे अडतं तेच तर शोधायचं आहे.

मग एक कागद. त्यावर खाती कुठे आहेत, विमा कुठला, कर्ज किती, कुणाचं देणं-घेणं, मृत्युपत्र कुठे ठेवलंय, रोजची औषधं आणि डॉक्टर कोण, एवढं पुरे. पासवर्ड त्यावर लिहू नका. ते कुठे सापडतील एवढंच लिहा. कागद फसतो तो नेहमीच्याच कारणांनी. तो अशा कपाटात असतो ज्याची किल्ली फक्त गेलेल्या माणसाला ठाऊक होती. किंवा चार वर्षांपूर्वीचा असतो आणि खातं कधीच बदललेलं असतं. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला तपासा. आणखी एक, जे फार जणांच्या ध्यानात येत नाही: गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईनं बंद करू नका. अनेक खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात.

गंभीर आजारात उपचार कुठवर करायचे, हे रुग्ण बोलू शकतो तोवर विचारा. मागाहून घरच्यांत भांडणं होतात ती बहुधा या न विचारलेल्या प्रश्नावरून.

शोकात विसराळूपणा येतो, झोप तुटते. म्हणून पहिले काही महिने घर विकणं, मोठी गुंतवणूक, गाव सोडणं हे शक्यतो टाळा; वर्षभर थांबता आलं तर उत्तम. गॅस, औषधं, हप्ते यांसाठी फोनवर गजर लावा. कपडे-वस्तू लगेच वाटून टाकायचा आग्रह नातेवाईक धरतात. त्यांचं ऐकू नका. खोक्यात भरून ठेवा, टाकायला घाई नसते. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना मात्र तिथल्या तिथे काम सांगा: मंगळवारी मुलांना शाळेतून आणा, अमुक अर्ज भरून द्या. पहिल्या दिवसांत मदतीला गर्दी असते; महिना-दीड महिन्यानं घर रिकामं होतं आणि खरी गरज तेव्हाच पडते. एकदोघांना मुद्दाम त्या वेळेसाठी राखून ठेवा.

बदल आनंदाचा असला तरी तो दमवतोच. होम्स आणि राहे या मनोविकारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले: जोडीदाराचा मृत्यू 100, निवृत्ती 45, आणि लग्न चक्क 50. या गुणांवरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही, पण एक शहाणपण घेण्यासारखं आहे. निवृत्ती, घरबदल आणि मुलीचं लग्न एकाच वर्षात कोंबू नका. जे पुढे ढकलता येईल ते ढकला.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्यांचं मनावर घेऊ नका. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांकडे पाहून नव्हे. "मला अजून राग कसा आला नाही" म्हणून काळजी करणारी माणसं भेटतात, तेव्हा या पायऱ्यांनी किती गोंधळ घातलाय ते कळतं.

मदत कधी घ्यायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत निदान 6 महिने ओसरत नसलेला, रोजचं जगणं अडवणारा तीव्र शोक हा उपचार लागणारा आजार मानला आहे. अमेरिकी मनोविकार संघटना प्रौढांसाठी 12 महिने धरते. पण जगावंसंच वाटत नसेल तर महिने मोजायचे नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.