जीपीएल सर्व्हरला एन्क्रिप्शन जोडताना
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कापसाच्या वजनाच्या आणि चुकाऱ्यांच्या नोंदी एका लहानशा मुक्तस्रोत वेब सर्व्हरवर ठेवल्या जातात. त्यांत बँक खात्यांचे क्रमांक असल्याने टीएलएस, म्हणजे जाळ्यावरून जाणारी माहिती एन्क्रिप्ट करण्याची पद्धत, हवेच होते. परंतु सर्व्हरचा परवाना केवळ जीपीएल (कोड वाटताना तो त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा मुक्त सॉफ्टवेअर परवाना) आवृत्ती २ असल्यामुळे, टीएलएस पुरवणारी ओपनएसएसएल ही मुक्त लायब्ररी जोडण्यापूर्वी परवाने नीट वाचणे भाग पडले.

ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यात अशी अट होती की, त्याच्या वापराचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत प्रकल्पाचे श्रेय नमूद करावे. जीपीएलला स्वतःपलीकडची कोणतीही जादा अट चालत नाही. त्यामुळे दोन्ही मुक्त असूनही, मूळ लेखकांनी खास सवलत दिल्याशिवाय, जीपीएलचा कोड आणि ओपनएसएसएल एकाच प्रोग्राममध्ये जोडून वाटणे परवान्यात बसत नसे. २०२१ मध्ये आवृत्ती ३.० पासून ओपनएसएसएलने अपाची परवाना २.० स्वीकारला, मात्र जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते तो जीपीएल ३ शी जुळतो, २ शी नाही. अडचण मुख्यतः पेटंटविषयक कलमांची आहे.

स्वतःच्या यंत्रावर वापरण्यास जीपीएलची आडकाठी नाही. आम्हाला मात्र हाच संच शेजारच्या तालुक्यांतील कंपन्यांनाही द्यायचा होता. ग्नूटीएलएस या तशाच दुसऱ्या लायब्ररीचा एलजीपीएल हा जीपीएलहून सैल परवाना चालला असता, पण कोड बदलावा लागला असता. म्हणून बीएसडी या मोजक्या अटींच्या परवान्याचे एन्जिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून मूळ सर्व्हरच्या पुढे बसवले. एन्क्रिप्शन तेच सांभाळते आणि मूळ सर्व्हर ओपनएसएसएलशी जोडलाच जात नाही.