आम्ही तिघी आणि आमचा डंक

आमच्या चटणीआधी, म्हणजे कोल्हापुरी कांदा-लसणाच्या तिखटाआधी, आमचीच चर्चा होते, हे आता अंगवळणी पडलंय. प्रदर्शनात स्टॉल लावला की एखादी बाई पुडी हातात घेते, वास घेते आणि आवाज खाली आणून विचारते, "तुम्ही त्याच ना, घर सोडून आलेल्या?" होय, त्याच. पण आजवर ही हकीकत दुसऱ्यांनीच सांगितली, आणि सांगणाऱ्यांत एक माणूस असा होता, ज्याला आमचा धंदा बसायला हवा होता. म्हणून आमची वाटचाल आता आम्हीच लिहितोय.

घर का सोडलं ते थोडक्यात सांगते. मी आणि माझी मैत्रीण गडहिंग्लज तालुक्यात एकाच गावात दिलेल्या. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. माझ्या घरात दारू होती. पुढचं लिहीत नाही, ज्यांनी सोसलंय त्यांना कळेल. आक्का आमच्याहून थोरल्या. नवरा गेल्यावर दिरांनी "कागदावर सही कर" म्हणत त्यांना जमिनीतून मोकळं केलं. तिघींची गाठ पडली ती मिरचीच्या देठांवर. गडहिंग्लजला संकेश्वरी मिरचीचे सौदे निघतात, त्या हंगामात व्यापाऱ्याकडे देठ खुडायला बायका लागतात. दिवसभर पोत्यांच्या ढिगाजवळ बसायचं, संध्याकाळी हात भगभगत घरी जायचं. त्या ढिगाजवळच ठरलं. २०१२ ची दिवाळी झाली आणि पहाटेच्या एसटीनं आम्ही कोल्हापूर गाठलं.

आमच्यासारखी निघायच्या बेतात असलेली कुणी हे वाचत असेल, तर दागिन्यांआधी कागद घे. रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नाचा एखादा फोटो. आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतो, त्या कायद्यानं राहत्या घरात राहायचा हक्कही मागता येतो. म्हणजे प्रत्येकीला घर सोडावंच लागतं असं नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे सगळे "नांदायला जा" एवढंच सांगत होते.

कोल्हापुरात पहिलं काम मिळालं राजारामपुरीतल्या एका खाणावळीत, भाकरी थापायचं. मालकांना सगळे मामा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. मटणाचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा, एवढंच मिळतं तिथे. एकदा ऐन पावसाळ्यात मामांची वर्षाची चटणी संपली. बाजारातून आणलेल्या चटणीला गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. आक्का म्हणाल्या, "मामा, मिरची आणून द्या, मी करतो."

मामांनी त्या चटणीची परीक्षा कशी घेतली ते मला अजून दिसतं. आधी चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडली आणि तळवा उजेडात धरला. रंग रेषांत उतरला का ते बघितलं. मग पळीत तेल कडकडीत तापवलं, गॅस बंद केला, जरा थांबले, आणि अर्धा चमचा चटणी सोडली. करपली नाही. तेल लालभडक झालं आणि तिखटाची वाफ सुटली ती नाकात न घुसता जिभेवर आली. वरून गरम पाणी घातल्यावर कट सगळा वर तरंगला, खाली गाळ नाही. मामा तोंडानं काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लक्ष्मीपुरीतून ब्याडगी, धणे आणि खोबऱ्याच्या वाट्या आणून आमच्यापुढे ठेवल्या.

तिथून आमचा धंदा सुरू झाला. शुक्रवार पेठेत तळमजल्यावरची एक खोली आणि मागचं परडं भाड्यानं घेतलं. पुढे मिरची कांडपाचा धंदा बंद करणाऱ्या एका गृहस्थांकडून जुना डंक, म्हणजे मोटारीवर चालणारं कांडपाचं यंत्र, घेतला. तीन मुसळांचा. लोक तयार पुड्या घ्यायला लागले म्हणून त्यांनी तो काढायला ठेवला होता. आणि आम्ही तोच घेतला तो पुड्या भरायला.

डंकाबद्दल जरा लिहू द्या. पल्व्हरायझरवर, म्हणजे दळायच्या चक्कीवर, मिरची दळली तर काम झटपट उरकतं, पण पीठ गरम निघतं. हात लावून बघा. त्या उष्णतेनं वास निम्मा तिथेच उडतो आणि रंग महिन्या-दोन महिन्यांत विटायला लागतो. शिवाय आपल्या चटणीत तळलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर पडते. हा ओला ऐवज चक्कीत चिकटून बसतो. डंकात मुसळ वर जातं, पडतं, पुन्हा वर जातं. मिरची, खडे मीठ, धणे आधी कांडायचे, मग तेलात भाजलेला गरम मसाला, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, आणि शेवटी कांदा-लसूण. चाळायचं, वरचा चोथा परत उखळात टाकायचा. आवाजावरून आक्कांना कळतं चटणी झाली की नाही. मुसळाचा खणखणीत ठोका दबका झाला की त्या म्हणतात, "आता सुटलं तेल, काढा." मोटारीचा पट्टा सैल पडला तर तोही त्यांनाच आधी कळतो. कुठल्याही मशीनवाल्यानं कितीही सांगितलं तरी आम्ही डंक सोडला नाही, सोडणार नाही.

मिरचीचंही तसंच. नुसत्या ब्याडगीची चटणी फोटोत लाल दिसते, खायला मिळमिळीत लागते. नुसत्या लवंगीची खाल्ली तर पाणी शोधाल. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि झणका हवा असेल तर मूठभर लवंगी. संकेश्वरी महाग पडते म्हणून हल्ली पुष्कळ जण ती गाळतात. गाळा, पण मग पुडीवर कोल्हापुरी लिहू नका.

सुरुवातीला ज्या माणसाचं म्हटलं, तो बाजारातला एक व्यापारी. आता त्याच्याकडे येते. नाव लिहीत नाही, बाजाराला माहीत आहे. तो आम्हाला धणे-खोबरं उधारीवर द्यायचा आणि आमच्या पुड्या त्याच्या पेढीवरून दुकानांत जायच्या. दोन-तीन वर्षं चांगलं चाललं. आमची चटणी खपायला लागली तशी त्यानं भागीदारी मागितली. पैसे त्याचे, नाव त्याचं, आणि प्रमाण आम्ही लिहून द्यायचं. आम्ही नाही म्हटलं. थोड्याच दिवसांत आमच्याकडे पुड्या भरणारी मुलगी त्याच्याकडे गेली आणि बाजारात नवी 'घरगुती' चटणी आली. तोच लाल-पिवळा कागद, तीच नऊवारीतली बाई, फक्त नथ उलट्या बाजूला. किलोचा भाव आमच्या नुसत्या मिरचीच्या भावाखाली. त्या भावात मिरची बसूच शकत नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर चटणी टाका, ढवळू नका. लगेच रंगाचे धागे खाली उतरायला लागले तर तो वरून घातलेला रंग. तळाला खरखरीत गाळ बसला तर त्यात आणखी काय काय आहे ते विचारू नका.

नक्कल केली याचं एवढं नाही. नक्कल चांगल्याचीच होते. त्यानं दुकानादुकानांत जाऊन सांगितलं, "पळून आलेल्या बायका आहेत. आज हायत, उद्या न्हाईत. उधारी देऊ नका, माल ठेवू नका." आणि लोकांनी ते ऐकलं. ज्या दुकानांत आमच्या पुड्या दर्शनी ठेवलेल्या असायच्या, तिथून न फोडलेली खोकी परत आली. मुद्रा कर्जाला गेलो तर बँकेत नवऱ्याची सही मागितली. २०१५ ची योजना, 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण, नवऱ्याच्या सहीची अट कुठेही नाही. माझ्या मैत्रिणीनं माहितीपत्रकच टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे अर्ज पुढे गेला. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला आणि १९१९ साली बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. त्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणारी माणसं आम्हाला "घर कुणाचं, नवरा कुठाय" विचारत होती.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. मिरची हंगामातच भरून ठेवावी लागते, नंतर कोल्ड स्टोरेजचा माल मिळतो आणि त्याला तो वास नसतो. वर्षाची पोती खोलीत थप्पीला लागलेली होती, निम्मी कर्जाच्या पैशातली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पाणी चढताना आम्ही मसाल्याचे डबे आणि हिशेबाच्या वह्या वरच्या मजल्यावरच्या घरात नेल्या. पोती कुठवर नेणार? डंक तर जमिनीत बसवलेला. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहराला दूध-पेट्रोल नाही, अशात मिरचीचं कुणाला काय. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा पहिला वास आला तो कुजलेल्या तिखटाचा. डोळे उघडेनात. पोती हाताला लागली की फाटायची, आत काळा लगदा. उखळात चिखल मावेल तेवढा बसला होता आणि त्यात मिरचीच्या बिया तरंगत होत्या.

चिखल काढत होतो तेव्हाच त्या व्यापाऱ्याचा माणूस आला. सगळी उधारी एकदम हवी. महापुरात अख्ख्या बाजारानं एकमेकांना सवलत दिली, आम्हाला नाही. बाहेर जाऊन सांगितलं असणार, संपल्या. माझ्या मैत्रिणीनं तिची बोरमाळ गुजरीत, सराफांकडे, मोडली आणि त्याची पै न पै त्याच्या गादीवर नेऊन ठेवली. पावती घेतली. ती अजून आहे.

आमच्याकडे मग काहीच उरलं नाही. मामा आले. त्यांची खाणावळ उंचावर, पाणी लागलं नव्हतं. दारातच उभं राहून रुमालात बांधलेले पैसे आक्कांच्या हातात दिले. "वर्षाच्या चटणीचं आगाऊ हाय. देशील तवा दे. तोवर तांबडा बंद ठेवतो, पण त्या व्यापाऱ्याची पुडी माझ्या रश्शात पडायची न्हाई." आणि खरंच, त्यांच्या फळ्यावर कितीतरी दिवस फक्त पांढरा रस्सा आणि सुकं लिहिलेलं होतं. कोल्हापुरात तांबड्याशिवाय खाणावळ चालवणं काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मोटार शिवाजी उद्यमनगरात रिवाइंड केली, मुसळं घासली, उखळ सोड्यानं धुतलं, आणि पहिला घाणा मामांचाच काढला.

त्यानंतर आम्ही पाचगावच्या चढावर जागा घेतली. २०२१ च्या जुलैत पंचगंगा ५६ फुटांवर गेली तेव्हा आमचा डंक चालू होता. मधल्या वर्षांत लिहिण्यासारखं काही नाही; माल केला, विकला, कर्ज फेडलं. कामाला आज ज्या बायका आहेत त्यांतल्या काही आमच्यासारख्याच आल्यात. त्यांना आम्ही घरचं विचारत नाही, त्यांचा पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातो. खातं नसेल तर आधी ते काढायला लावतो. तो व्यापारी हल्ली चटणी करत नाही. गेल्या हंगामात त्याच्या पेढीवरून आमच्या पुड्यांची मागणी आली. आक्का म्हणाल्या, "रोखीनं." तशी रोखीनं गेली.

यंदाची संकेश्वरी आली की वर्षाच्या चटणीचं कांडप सुरू होईल. स्वतःची मिरची आणणाऱ्यांनी ती दोन दिवस कडक उन्हात वाळवून, देठ काढून आणावी. ओली मिरची डंकात घेतली जाणार नाही, वजनालाही घेतली जाणार नाही. कांदा घरून कापून वाळवून आणला तरी चालेल, तळायचं आमच्यावर सोडा. आणि बरणीत भरताना तळाला व वर हिंगाचा खडा ठेवा.