लिस्ट नव्या सर्व्हरवर गेली, एकही मेल न हरवता

आज आमची जुनी मेलिंग लिस्ट एकदाची नव्या सर्व्हरवर गेली, खूप बरं वाटतंय. जुन्या मशीनवर मेलमॅन २.१ (लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) होतं, ते पायथॉन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, त्यामुळे हलवणं भागच होतं.

सगळं काम आधीच्या तयारीत असतं. डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवला, म्हणजे पत्ता बदलला की बहुतेकांना पाच मिनिटांत कळतं (पत्ता शोधून देणारे सगळेच रिझॉल्व्हर ही मुदत पाळत नाहीत म्हणा). जुन्या मेलचा मोठा साठा रात्रीच आरसिंक या कॉपी करायच्या टूलने कॉपी केला आणि आज पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) थांबवून फक्त मधला फरक ओढला, त्याला कितीसा वेळ लागतो.

एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात त्या नियमांचं, मला मनापासून कौतुक वाटतं, १९८२ सालचा प्रोटोकॉल, पण समोरचा सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा मेल फेकून देत नाही, रांगेत ठेवून परत परत ट्राय करतो, चार-पाच दिवससुद्धा! पोस्टफिक्स चालू केलं आणि लॉगमध्ये थांबलेले मेल एकामागून एक आत येताना बघत बसले.

खरी काळजी नव्या आयपीची (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नंबरची), त्याला अजून कुणी ओळखत नाही. रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे समोरच्याला तपासता यावं म्हणूनच्या सोयी) सगळं नीट लावलंय, तरी लिस्टचा मेल स्पॅममध्ये दिसला तर प्लीज ‘नॉट स्पॅम’ करा, खूप मदत होते. जुना सर्व्हर अजून काही दिवस चालू ठेवतेय, तिकडे चुकून गेलेला मेल इकडे फॉरवर्ड होतोय.