होडीतला दगड आणि पिठाचा डबा

'तळ्यात एक होडी तरंगत आहे. होडीत एक मोठा दगड आहे. नावाड्याने तो उचलून पाण्यात टाकला. तळ्यातील पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? सकारण लिहा.'

लेक आठवीला आहे. 'बल व दाब' धडा संपल्यावर सरांनी पुस्तकाबाहेरचा म्हणून हा प्रश्न घरी करायला दिला. व्याख्या तिला तोंडपाठ होती: द्रवात बुडालेल्या वस्तूवर, तिनं बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकं प्लावक बल वरच्या दिशेनं लागतं. व्याख्या पाठ आणि गणित अडलेलं, हे आपल्याकडं काही नवीन नाही.

अंबाजोगाईजवळच्या गावात माझं किराणा दुकान आहे. बारावी सायन्स करून मी शिक्षण सोडलं, पण असला प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. संध्याकाळी तो मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांनाच घातला. बहुतेकांचं एकच, "दगड पडला की पाणी वर येणारच की, त्यात काय इचारायचं?" एक-दोघांनी मात्र डोकं चालवलं: "दगड आधी बी तळ्यातच होता, आता बी तळ्यातच हाय. काही फरक पडत नसतो." हे उत्तर ऐकायला इतकं बरोबर वाटतं की त्याच्यापुढं बोलायची सोय राहत नाही.

अडचण आहे ती आर्किमिडीजच्या गोष्टीत. टबात उतरला, पाणी सांडलं, 'युरेका' म्हणत पळाला, एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण मुकुटाची ती गोष्ट बुडालेल्या वस्तूची आहे. बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढं पाणी सारते. होडीतला दगड तरंगणाऱ्यांच्या हिशेबात धरायचा आणि पाण्यात टाकलेला बुडालेल्यांच्या. प्रश्नाची सगळी मेख इथंच आहे आणि गोष्ट सांगताना नेमकी हीच बाजू राहून जाते.

लेकीला हे सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पटलं नव्हतं. आमची माय बाजूला शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "आडातून पाणी शेंदून बघ म्हणावं एकदा. पाण्यात असतोर बादली काहीच लागत नाही, वर आली की खांदे निखळतेत." प्लावक बल मायला कुणी शिकवलं नव्हतं. मग ठरलं, करूनच बघायचं.

दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण जुनी षटकोनी लोखंडी वजनं अजून फळीवर पडलेली आहेत. त्यातलं किलोचं घेतलं, तो दगड. होडी म्हणून स्टीलचा एक पसरट डबा. तळं म्हणून आधी परात घेतली होती, पण तिचा पसारा एवढा की पाणी हललं तरी डोळ्याला कळेना, शिवाय खोलीही नाही. शेवटी पिठाचा उभा डबा रिकामा केला (बायकोचं म्हणणं इथं लिहीत नाही). आतला व्यास २० सेंटीमीटर, भिंती सरळ. सरळ भिंती महत्त्वाच्या, बादली वर पसरत जाते आणि हिशेब बिघडतो. आतून शाळेची पट्टी चिकटपट्टीनं उभी लावली, निम्म्याच्या वर पाणी भरलं, होडी सोडली आणि तिच्या मधोमध वजन ठेवलं. कडेला ठेवलं तर होडी कलते आणि तिच्यात पाणी शिरतं. पातळीची खूण केली.

वजन उचलून पाण्यात धप्पकन टाकायचं नाही. पाणी उडून बाहेर गेलं तर पातळी त्यानंच उतरेल. म्हणून वजनाला सुतळी बांधून ते हळूच तळाशी सोडलं. होडी एकदम वर उचलली गेली आणि पाणी खाली आलं. पट्टीवर अडीच सेंटीमीटरच्या थोडं पुढंच.

"पप्पा, खालीच गेलं की!"

आता हिशेब. किलोभराचं वजन होडीत असताना १ किलो पाणी बाजूला सारतं, म्हणजे १,००० घनसेंटीमीटर. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता घनसेंटीमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, म्हणून वजनाचं स्वतःचं आकारमान साधारण १३९ घनसेंटीमीटर. तळाशी गेल्यावर ते एवढंच पाणी सारतं. फरक ८६१. डब्याच्या तळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. भागाकार २.७. पट्टीवरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळताना बघून तिचा चेहरा जो काही झाला, तसा तो शंभर व्याख्या पाठ करून झाला नसता.

मग तिला चेव आला. वजनाऐवजी लाकडाचा ठोकळा होडीत ठेवला आणि नंतर पाण्यात सोडला. पातळी जागची हलली नाही, कारण लाकूड होडीत असो की बाहेर, तरंगतंच. गल्ल्यावरचं 'काही फरक पडत नसतो' हे उत्तर इथं खरं ठरलं.

"मग नाथसागरात दगड टाकला तर किती उतरंल?" हा पुढचा प्रश्न. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तो भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. थर्माकोलच्या तराफ्यावरून कुणी ४० किलोचा काळा पाषाण टाकला असं धरलं. त्याची घनता सुमारे २.९. तराफ्यावर असताना ४० लीटर पाणी सारायचा, आता जेमतेम १४ लीटर. फरक २६ लीटरचा, तोही ३५० चौरस किलोमीटरवर पसरलेला. पातळी एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी उतरते. उतरते मात्र नक्की. गोदावरीचा सोसाट्याचा वारा तिथं हातभर लाटा उठवतो, त्यात हे मोजणार कोण, ही गोष्ट निराळी.

सरांना द्यायचं उत्तर तिनं चार ओळींत लिहिलं. पण सुतळी हातात होतीच, म्हणून तिनं आणखी एक काढलं: वजन तळाला न सोडता होडीच्याच खाली शिंक्यासारखं बांधून लोंबकळत ठेवलं तर? मी म्हणालो, थोडी तरी उतरेल. करून बघितलं तर पाणी बरोबर पहिल्या खुणेवर. वजन पाण्याखाली असलं तरी त्याचा भार होडीच वाहते, दोघं मिळून तरंगतात, म्हणून मिळून वजनाएवढंच पाणी सारतात. सुतळी सैल करून वजन तळाला टेकवलं तेव्हाच पातळी खाली आली. वहीत उत्तराखाली तिनं हे प्रश्न म्हणून लिहून ठेवलंय, सरांसाठी.